खोलीत उंदीर आहेत, हे सांगायला लाजू नका

(रविवारी संध्याकाळी कॅम्पच्या मेसमध्ये मराठी कामगारांपुढे केलेलं हे बोलणं. ड्युटीमुळे ज्यांना येता आलं नाही, त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे.)



आठवड्यातली एकच सुट्टी, त्यातला एक तास तुम्ही मला दिलात. आज पगाराबद्दल बोलायचं नाही, व्हिसाबद्दल नाही, पासपोर्टबद्दलही नाही. आज उंदरांबद्दल बोलायचं आहे. हसा, हसून घ्या. मलाही एके काळी हसू आलं असतं.

आत्ता मी म्हटलं की ज्यांच्या खोलीत उंदीर आहेत त्यांनी हात वर करा, तर चार हात वर येतील. पण मघाशी चहा पिताना प्रत्येक जण सांगत होता. कुणाची चपातीची पिशवी कुरतडली, कुणाचा गावी न्यायचा नवा शर्ट गेला, कुणाच्या पायावरून रात्री काहीतरी पळालं. मग हात वर का येत नाही? लाज वाटते. उंदीर म्हणजे घाण, आणि घाण म्हणजे आपण घाणेरडे, असं आपल्या मनात बसलंय. दुसरी भीती कॅम्प बॉसची. खोलीत शिजवायला बंदी आहे, आपण हळूच कुकर लावतो, तक्रार केली तर आधी तोच कुकर सापडणार. म्हणून आपण गप्प बसतो आणि बाहेरून गुपचूप औषध आणतो.

या गप्प बसण्याबद्दलच मला बोलायचं आहे. आधी माझी गोष्ट सांगतो. ती सांगायला मला बरीच वर्षं लागली.

२०१३ साल. मी तेव्हा दुसऱ्या कंपनीत शटरिंग कारपेंटर होतो, दुसऱ्या कॅम्पात. नाव सांगत नाही, नावाने काही होणार नाही. खोलीत आम्ही दहा जण. उंदरांनी हैराण केलं होतं. कॅम्प बॉसला एकदा तोंडी सांगितलं, तो म्हणाला, खोली साफ ठेवा. आम्ही गप्प. मग कुणीतरी म्हणालं, बाहेर एक माणूस गोळ्या विकतो, एका रात्रीत ढेकूण, झुरळ, उंदीर सगळं साफ. आम्ही वर्गणी काढली. माझे दहा दिरहम होते त्यात.

गुरुवारी रात्री ड्युटीला निघताना आम्ही गोळ्या ठेवल्या, दार लावलं, फटीला टेप लावली आणि गेलो. आपण शहाणपणा केला असं वाटलं. आपल्या खोलीत कुणी नाही, म्हणजे धोका नाही.

बाजूच्या खोलीत नेपाळचा एक पोरगा झोपला होता. दिवसपाळीवाला. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत, वरच्या कोपऱ्यात, एसीच्या पाइपासाठी पाडलेलं भोक होतं. पाइप एवढासा आणि भोक माझ्या मुठीएवढं. उंदीर त्याच भोकातून आमच्याकडे यायचे. त्या रात्री त्याच भोकातून वायू त्याच्याकडे गेला.

पहाटे तो उलट्या करत बाहेर आला. डोकं धरून बसला, श्वास घेता येईना. सगळे म्हणाले, जेवणातून काहीतरी झालं. हॉस्पिटलात नेलं, तिथेही आधी तसंच धरून चालले. आम्ही ड्युटीवरून परत आलो, ऐकलं, आणि आम्हा दहाही जणांच्या पोटात खड्डा पडला. आम्हाला माहीत होतं. तरी दोन तास कुणी तोंड उघडलं नाही. दंड होईल, पोलीस येतील, परत पाठवतील. मीही गप्प बसलो. दोन तास.

शेवटी आमच्यातलाच एक वयस्कर माणूस उठला आणि टॅक्सी करून हॉस्पिटलात गेला. गोळीचा रिकामा डबा घेऊन गेला. डॉक्टरला डबा दाखवला. त्यानंतर उपचार बदलले. पोरगा बरेच दिवस अतिदक्षता विभागात होता. वाचला. पण पूर्वीसारखं काम त्याला जमेना, काही महिन्यांनी तो घरी गेला. उंदीर? ते पंधरा दिवसांत परत आले. भोक तिथेच होतं ना!

मी शटरिंग कारपेंटर. लाकूड, सिमेंट, खिळा हे माझं रोजचं काम. ते भोक बुजवायला मला अर्धा तास लागला असता.

म्हणून आज पहिली गोष्ट ही सांगतो, बाकी विसरलात तरी चालेल. त्या गोळ्या खोलीत आणू नका. कुणी फुकट दिल्या तरी नाही.

ती गोळी म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड. गावाकडे धान्याच्या कोठीत कीड लागू नये म्हणून वापरतात, आपण सल्फास म्हणतो ती तीच जात. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फीन नावाचा विषारी वायू निघतो. तो भिंतीच्या फटीतून, छताच्या पोकळीतून, एसीच्या पाइपाच्या भोकातून शेजारच्या खोलीत शिरतो. कधी त्याला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो, कधी येतच नाही. म्हणजे वास नाही म्हणून धोका नाही, असं समजू नका. या विषावर उतारा नाही. डॉक्टर फक्त शरीराला आधार देत राहतात. दुबई, शारजाकडे ढेकणांसाठी कुणीतरी शेजारच्या घरात ठेवलेल्या अशा औषधाने भिंतीपलीकडची माणसं, लहान मुलंसुद्धा गेली आहेत. इथल्या सरकारने सर्वसामान्य माणसाला ही गोळी विकायला बंदी केली आहे. जो माणूस पिशवीतून काढून देतो, तो चोरूनच देतो.

समजा कुणाच्या खोलीत अचानक दोघातिघांना एकदम मळमळ, डोकेदुखी, छातीत आवळल्यासारखं, दम लागणं असं झालं, तर ते जेवणामुळे झालं असं धरून बसू नका. सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा. जाता जाता दार उघडं टाका, पण सामान आणायला परत आत जाऊ नका. बाजूच्या खोल्या उठवा. ॲम्ब्युलन्सला ९९८ लावा, वायूसाठी सिव्हिल डिफेन्सचा नंबर ९९७. आणि डॉक्टरला स्पष्ट सांगा, औषधाचं नाव सांगा, डबा असेल तर दाखवा. आम्ही दोन तास घालवले. तुम्ही दोन मिनिटंही घालवू नका. परत पाठवलं तर माणूस विमानाने जातो. गप्प बसलो तर पेटीतून जातो.

कुणाकडे अशा गोळ्या आत्ता पडल्या असतील तर उघडू नका, संडासात टाकू नका, ओल्या कचऱ्यात टाकू नका. पाणी लागलं की वायू निघतो. झाकण बंद ठेवा आणि कॅम्पच्या सेफ्टी अधिकाऱ्याला सांगा. रागावेल. रागावू दे.

आता दुसरी गोष्ट, लाजेची.

आपल्यातले बरेच जण रत्नागिरी, सिंधुदुर्ग, साताऱ्याकडचे. आपले आजे-पणजे मुंबईला गिरणीत आणि गोदीत गेले, तसे आपण इथे आलो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. सुरुवात मांडवीत, गोदीला लागून असलेल्या धान्याच्या वखारींच्या भागात. वखारीत धान्य, धान्यावर उंदीर, उंदरावर पिसवा. पण तेव्हा हे कुणाला ठाऊक नव्हतं. दोष कुणाला दिला? चाळीत राहणाऱ्याला. घरं तपासली, सामान जाळलं, माणसं उचलून छावणीत नेली. भीतीने लाखो लोक मुंबई सोडून गावी पळाले आणि साथही त्यांच्याबरोबर गेली. लोक आजारी माणूस लपवायला लागले. पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना १८९७ च्या मार्चमध्ये त्याच आजाराने गेल्या.

१८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिलं की उंदरावरची पिसू प्लेग पसरवते. त्याच वर्षी मुंबईत सुधारणा ट्रस्ट निघाला, का? तर कोंदट, बिनहवेच्या वस्त्या पाडून रस्ते आणि चाळी बांधायला. बीआयटी चाळी म्हणतो त्या ह्याच. म्हणजे सरकारलाही कळून चुकलं की रोग माणसाच्या जातीत नाही, गावात नाही, तर घराच्या बांधणीत आहे. मुंबई महापालिकेकडे आजही रात्री उंदीर मारणारे कर्मचारी आहेत. एवढ्या मोठ्या शहराला पगार देऊन माणसं ठेवावी लागतात. मग दहा जणांच्या खोलीत उंदीर आला तर तो तुमच्या संस्कारांचा प्रश्न कसा?

उंदीर तीन गोष्टींसाठी येतो. खायला, प्यायला आणि लपायला. यातली लपायची जागा, म्हणजे भिंत, छत, पाइप, ड्रेनेज, ही मालकाच्या हातात. खाणंपिणं आपल्या हातात. दोन्ही बाजूंनी काम झालं तरच उंदीर जातो. एकाने सगळा दोष दुसऱ्यावर टाकला की उंदराचंच फावतं.

आता आपल्या हातातलं काम सांगतो. क्रमाने करा, क्रम उलटा केला तर मेहनत वाया.

पहिलं, उंदीर आहे कुठला ते ओळखा. लेंड्या बघा. तांदळाच्या दाण्याएवढ्या, टोकदार असतील तर छोटा, घरातला उंदीर. नीट बघा, बोटाच्या पेराच्या अर्ध्याहून मोठ्या असतील तर मोठा गटारी उंदीर. तो तीनशे-चारशे ग्रॅमचा होतो, काही जण त्याला घूसच समजतात. उंदीर मोकळ्यातून चालत नाही, भिंतीला अंग घासत चालतो. त्यामुळे त्याच्या वाटेवर भिंतीला काळपट तेलकट डाग पडतात. रात्री दिवे बंद झाल्यावर मोबाइलची बॅटरी घेऊन अर्धा तास बघा, कुठून निघतो ते कळेल. दिवसाढवळ्या उंदीर फिरताना दिसले तर समजा संख्या फार वाढली आहे.

दुसरं, भोकं बुजवा. छोटा उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून येतो. मोठ्याला दोन सेंटिमीटर जागा पुरते. डोकं गेलं की बाकी अंग जातंच. बघायच्या जागा म्हणजे एसीचा पाइप, बेसिनखालचा पाइप, दाराखालची फट, छताची सुटलेली पाटी, न्हाणीघराची जाळी, वायर आत येते ते भोक. नुसता कापूस, कागद किंवा फोम भरू नका, एका रात्रीत कुरतडतो. भांडी घासायची स्टीलची तारेची घासणी घट्ट कोंबा आणि वरून सिमेंट किंवा सिलिकॉन लावा. दाराखाली पत्र्याची पट्टी. मोऱ्यांना घट्ट बसणारी लोखंडी जाळी. आपल्यात गवंडी आहेत, प्लंबर आहेत, मी सुतार आहे. आख्खी दुबई आपण बांधतो, स्वतःच्या खोलीचं भोक बुजवता येणार नाही? फक्त एक करा, कॅम्प बॉसला सांगून करा. विजेच्या वायरीजवळच्या भोकाला तुम्ही हात लावू नका, तिथे इलेक्ट्रिशियनच हवा.

विजेचं निघालं म्हणून सांगतो. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून तो सतत काही ना काही कुरतडतो. वायरीवरचं प्लास्टिकही. दहा चार्जर एका एक्स्टेंशनवर आणि वायर पलंगामागे. तिथे वायर उघडी पडली तर काय होईल ते सांगायला नको. जून २०२४ मध्ये कुवेतमध्ये मंगफला कामगारांच्या इमारतीला आग लागली, ४० हून अधिक भारतीय गेले. ती आग उंदरामुळे लागली असं मी म्हणत नाही. पण गच्च भरलेल्या इमारतीत विजेची एक ठिणगी काय करते ते आपण सगळ्यांनी बघितलं. कुरतडलेली वायर दिसली की टेप गुंडाळून वापरू नका. बदला.

तिसरं, खाणंपाणी बंद करा. आटा, तांदूळ, खोबरं, सुकट, शेंगदाणे, गावाहून आलेला चिवडा, सगळं झाकणाच्या घट्ट डब्यात. रंगाचे रिकामे डबे वापरू नका, बाजारातले खाण्याचे डबे घ्या. पलंगाखाली उरलेली चपाती नको. कचऱ्याची पिशवी रात्री खोलीत नको, रोज झोपण्याआधी बाहेर, झाकणाच्या डब्यात. आणि पाणी. इथल्या उन्हाळ्यात उंदराला खाण्याइतकीच पाण्याची ओढ असते. एसीचं टपकणारं पाणी, गळका नळ, रात्रभर भिजत ठेवलेली भांडी. एसीचं पाणी बंद करा, अर्धे उंदीर वाट बदलतील.

चौथं, मग सापळा. भोकं बुजवली, खाणं बंद केलं, आता आत अडकलेल्यांना पकडा. चाप किंवा पिंजरा, दोन्ही चालतात. लोक चूक काय करतात? एक सापळा आणतात, खोलीच्या मधोमध ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी म्हणतात, हुशार आहे साला. हुशार नाही, भित्रा आहे. मोठा उंदीर नवीन वस्तूला काही दिवस तोंड लावत नाही. म्हणून सापळा आधी तीन-चार दिवस न लावता नुसता ठेवा, वर खाणं ठेवा, त्याला सवय होऊ द्या. मग लावा. भिंतीला लागून, खाण्याची बाजू भिंतीकडे. एकाऐवजी सहा-आठ लावा, एकाच रात्री. खाणं म्हणून शेंगदाण्याचा कूट गुळात मळून, किंवा सुक्या बोंबलाचा तुकडा दोऱ्याने बांधून. थोडंच. जास्त ठेवलं तर चाप न सोडता खाऊन जातो. चाप लावताना बोटं सांभाळा आणि सकाळी ड्युटीला जाण्याआधी सगळे तपासा.

गोंदाची पाटी शक्यतो नको. उंदीर तिच्यावर जिवंत अडकून रात्रभर ओरडतो, मुततो, लेंड्या टाकतो, आणि सकाळी त्याचं काय करायचं हा प्रश्न तुमच्यापुढेच असतो. शेवटी ज्याला मारायचं त्याला हाल करून मारू नये. गणपतीत आपण त्याला मोदक दाखवतो, एवढं तर लक्षात ठेवू.

खोलीत उंदराचं विषही घालू नका. ब्रोमॅडिओलोनसारखं औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवसांनी मरतो, आणि तोही भिंतीच्या आत. मग पंधरा दिवस वासाने झोप नाही. विष लावायचं काम परवाना असलेल्या पेस्ट कंट्रोलवाल्याचं. बाहेर भिंतीला लागून काळे बंद डबे दिसतात ना, त्यात तेच औषध असतं. ते उघडू नका, लाथाडू नका.

पाचवं, साफसफाई. आणि इथे बहुतेक जण चुकतात. लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नका. धूळ उडते आणि ती आपण श्वासात घेतो. आधी दार उघडा, थोडा वेळ हवा खेळू द्या. हातमोजे, तोंडाला मास्क. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी करून लेंड्यांवर, मुताच्या डागांवर शिंपडा, पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या, मग कागदाने किंवा फडक्याने पुसून घ्या. ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही साबण-अॅसिड मिसळू नका, त्यातूनही विषारी वायू निघतो. मेलेला उंदीर मोज्याने उचला, दोन पिशव्यांत बांधा, बंद डब्यात टाका. मग साबणाने हात.

आजाराचंही सांगतो. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टो ऐकलंय ना? २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली. उंदराच्या मुतातले जंतू पाण्यात मिसळतात आणि पायाच्या कापलेल्या, चिरलेल्या जागेतून शरीरात जातात. वाळवंटात पाऊस कुठे, असं म्हणू नका. १६ एप्रिल २०२४ ला इथे किती पाणी भरलं होतं ते आपण बघितलं. गटार फुटलं, खड्ड्यात पाणी साचलं, त्यात उतरून काम करायचं असेल तर बूट मागा आणि जखम झाकून घ्या. त्यानंतर महिनाभरात जोराचा ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं झालं तर नुसती पॅनाडॉल खाऊन ड्युटी करू नका. डॉक्टरला सांगा, उंदराच्या जागी राहतो, घाण पाण्यात काम केलं. वेळेवर औषध घेतलं तर लेप्टो बरा होतो. उशीर झाला तर किडनी आणि लिव्हरवर जातो.

उंदीर चावला तर जखम वाहत्या पाण्यात साबणाने चांगली धुवा आणि त्याच दिवशी क्लिनिक गाठा. हळद लावून झोपू नका.

आता मालकाच्या हातातलं काम. इथेच मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा प्रश्न येतो.

हे लक्षात घ्या, राहण्याची जागा ही मेहरबानी नाही. २०२१ चा ३३ क्रमांकाचा कामगार कायदा, फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. त्याच्या १३ व्या कलमात मालकाने परवाना असलेली योग्य राहण्याची जागा द्यावी, नाहीतर तिचे पैसे द्यावेत असं आहे. कामगारांच्या खोलीत माणशी किमान ३ चौरस मीटर जागा हवी, हाही नियम आहे. खोलीत गच्च माणसं, म्हणजे गच्च सामान, म्हणजे उंदराला लपायला जागा. गर्दी आणि उंदीर या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत.

तक्रार तोंडी करू नका. मी २०१३ मध्ये तोंडी केली होती. तोंडी तक्रारीला तारीख नसते. व्हॉट्सअॅपवर किंवा कागदावर द्या, हिंदीत चालेल, इंग्रजीत कुणाकडून लिहून घेतलंत तर अजून बरं. असं लिहा: "खोली क्रमांक अमुक. तमुक तारखेपासून उंदीर आहेत. अमुक ठिकाणी भोक आहे, फोटो जोडला आहे. एकाची पिशवी कुरतडली, वायर कुरतडली. भोक बुजवून द्यावं आणि परवाना असलेल्या पेस्ट कंट्रोलला बोलवावं, ही विनंती." खाली खोलीतल्या सगळ्यांची नावं. एकाचं नाव असलं की एकाला दटावता येतं, दहांची असली की भोक बुजवणं स्वस्त पडतं. शिवी नको, धमकी नको. कॅम्प बॉसही पगारी माणूस आहे, त्यालाही वर दाखवायला कागद लागतो.

पेस्ट कंट्रोलवाला आला की तीन प्रश्न विचारा. परवाना आहे का? औषध कुठलं? खोली किती तास रिकामी ठेवायची आणि बाजूच्या खोल्यांचं काय? उत्तर नीट मिळालं नाही तर रात्रपाळीवाल्यांना त्या खोलीत झोपू देऊ नका.

आठवडाभरात काही झालं नाही तर पुढची पायरी. दुबईत पालिकेचा नंबर ८००९००. कामगार मंत्रालयाचा ६००५९००००. आपल्या सरकारचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र दुबईत आहे, नंबर ८००४६३४२, फुकट लागतो, तिथे आपल्या भाषेत बोलणारं माणूस मागा. मंत्रालयात खरी तक्रार केली म्हणून कामावरून काढणं बेकायदेशीर आहे, त्याच कायद्याच्या ४७ व्या कलमात लिहिलंय. कायदा आहे म्हणून मालक त्रास देणारच नाही, असं मी सांगणार नाही. पण कायदा माहीत असलेल्या माणसाशी बोलताना समोरचा जरा जपून बोलतो, हे मी इतक्या वर्षांत बघितलंय.

दोन गोष्टी मात्र करू नका. काम बंद करून घोळका जमवू नका. आणि खोलीचा व्हिडिओ टिकटॉक-फेसबुकवर टाकू नका. इथले सायबर कायदे कडक आहेत, उंदीर राहील बाजूला आणि तुम्ही अडकाल. फोटो, व्हिडिओ तक्रारीला जोडा, तिथेच ठेवा.

आणि कुकरचं? ते मघापासून तुमच्या मनात आहे, मला माहीत आहे. खरं सांगतो. खोलीत शिजवणं धोक्याचं आहे, आगीच्या दृष्टीने तर नक्कीच. पण मेसचं जेवण गिळवत नाही म्हणून आपण शिजवतो. तर त्याच अर्जात दुसरं वाक्य टाका, की कॅम्पच्या स्वयंपाकघरात आम्हाला शिजवायला वेळ आणि शेगडी द्या. लपवून कुकर लावण्यापेक्षा मागून शेगडी घेतलेली बरी. लपवलं की आपण सगळ्याच बाबतीत गप्प बसतो.

घरकाम करणाऱ्या आपल्या काही बहिणी आज फोनवरून ऐकताहेत. ताईंनो, मॅडमने उंदराची गोळी किंवा पावडर हातात देऊन ठेवायला सांगितलं, तर पाकिटाचा फोटो काढून आधी कुणा ओळखीच्या माणसाला दाखवा. स्वयंपाकघराला लागून छोट्या खोलीत तुम्हीच झोपता. वायू पहिला तुमच्याकडे येईल.

आणि आज रात्री गावी फोन कराल तेव्हा एवढं विचारा. धान्याच्या कोठीत गोळी ठेवली आहे का? कोठी झोपायच्या खोलीत आहे का? असेल तर आजच्या आज माणसांना दुसरीकडे झोपवा. उंदराचं औषध भाकरीला लावून कोपऱ्यात ठेवलंय का, जिथे पोरं रांगतात? आपण इथे राबतो ते ज्यांच्यासाठी, ती तिथे जमिनीवर झोपतात.

शेवटचं. तो नेपाळचा पोरगा घरी निघाला त्या दिवशी मी त्याला भेटायला गेलो होतो. मला सांगायचं होतं, माझेही दहा दिरहम होते त्यात. सांगवलं नाही. त्याने उलट माझ्या हातावर चहाचा कप ठेवला. तेव्हापासून मी नवीन खोलीत गेलो की पहिल्या दिवशी बॅग उघडण्याआधी भिंती बघतो. भोक दिसलं की बुजवतो आणि कॅम्प बॉसला लिहून कळवतो. लोक हसतात, म्हणतात, आला उंदीरमामा.

हसू देत. तुम्हीही आज खोलीवर गेलात की जेवणाआधी बॅटरी घेऊन एसीचा पाइप बघा. भोक असेल तर त्यात बोट घालून बघा, आणि विचार करा, पलीकडे कोण झोपलं आहे.

आता हात वर करा. कुणाकुणाच्या खोलीत उंदीर आहेत? वा. आता बरोबर. चला, खोली क्रमांक सांगा, मी लिहून घेतो.